जुने दुवे मरू द्यायचे नाहीत

ब्लॉगस्पॉटवरचा ब्लॉग वर्डप्रेसवर न्यायचा म्हटलं की पहिली काळजी लेखांची. सगळे येतील ना, काही गहाळ तर होणार नाही ना? लेख येतात. मजकूर हलवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम पत्त्यांचं. २०११ साली कुणीतरी आपल्या ब्लॉगवर दिलेला दुवा, विकिपीडियावरच्या एखाद्या तळटीपेतला दुवा, दर दिवाळीला चकलीच्या भाजणीसाठी घरच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारा दुवा, हे सगळे जुन्याच पत्त्यावर येत राहतात. तुम्ही हललात हे त्यांना कुणी कळवत नाही. दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसलं, तर लेख नव्या जागी कितीही नीट मांडलेला असो, त्याच्यापुरता तो संपला.

मराठीत हे अधिक लागतं. गावच्या जत्रेचं वर्णन, एखाद्या आडवाटेच्या किल्ल्यावर पाणी कुठे मिळतं याची माहिती, आजीच्या तोंडच्या ओव्या, विसरलेल्या नाट्यपदांचे शब्द, असा केवढा तरी ऐवज ब्लॉगांवरच आहे. तो छापला गेला नाही आणि बहुधा जाणारही नाही. तो शोधणाऱ्याच्या हाती लागतो तो दुव्यांच्या जोरावर.

सेवा बंद पडतात हे काही नवीन नाही. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, पोस्टरस २०१३ मध्ये, आणि टाइपपॅडने २०२५ च्या सप्टेंबरअखेर दार लावलं. ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉटमागची सेवा, १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गूगलकडे आहे आणि आजही चालतं. पण चालू सेवेतही पत्ता निसटू शकतो. २०१२ पासून गूगलने भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इन दाखवायला सुरुवात केली. लोकांनी ब्राउझरमधला पत्ता उचलला आणि जिथे तिथे चिकटवला. २०२० मध्ये ते डॉट इन डोमेन गूगलच्या हातून गेलं आणि ते सगळे दुवे एका फटक्यात निकामी झाले. लेख जागेवर होते, दुवेच तुटले. म्हणून ब्लॉग हलवणार असाल वा नसाल, स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या मालकीचा पत्ता, घ्या, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं.

आणि ते डोमेन आधी ब्लॉगरलाच जोडा. इथे बहुतेक जण घाई करतात. डोमेन घेतलं की थेट वर्डप्रेसकडे वळवतात आणि ब्लॉगस्पॉटचा पत्ता मागे लोंबकळत राहतो. ब्लॉगर आपल्या मर्जीने दुसऱ्या संकेतस्थळाकडे ३०१ प्रकारचा, म्हणजे कायमचा, पुनर्निर्देश (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणं) करू देत नाही. सेटिंग्जमधली पुनर्निर्देशाची सोय त्याच ब्लॉगच्या आतल्या पानांपुरती आहे. मात्र डोमेन ब्लॉगरला जोडलं, की ब्लॉगस्पॉटचा प्रत्येक पत्ता आपोआप त्या डोमेनवरच्या त्याच मार्गाकडे जातो. डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदींच्या पानावर, दोन सीनेम नोंदी (एका नावाला दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) कराव्या लागतात. पहिली ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी, जी ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’कडे बोट दाखवते, आणि दुसरी मालकी पटवण्यासाठी, जी ब्लॉगर तुम्हाला बनवून देतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’शिवायच्या नुसत्या डोमेनसाठी चार ए-नोंदी, म्हणजे नावाला थेट आयपी क्रमांक देणाऱ्या: २१६.२३९.३२.२१ आणि मग तिसरा आकडा ३४, ३६, ३८ करून उरलेल्या तीन. एवढं केलं की काही आठवडे थांबायचं. गूगलच्या शोधात ब्लॉगस्पॉटच्या जागी तुमचं डोमेन दिसू लागलं की पुढची पायरी.

नंतर डीएनएस वर्डप्रेसच्या होस्टिंगकडे, म्हणजे नवी साइट ठेवलेल्या सर्व्हरकडे, वळवलं, तरी ब्लॉगरमधली डोमेनची नोंद काढायची नाही. ती आहे तोवर जुने ब्लॉगस्पॉट दुवे डोमेनकडे येत राहतात. मध्ये ‘हा ब्लॉग आता अमुक ठिकाणी आहे, तिकडे जायचं का’ असं विचारणारं एक पान दिसू शकतं. ते थोडं खटकतं, पण वाचक पोचतो. वळवण्याच्या आदल्या दिवशी नोंदींचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा. म्हणजे काही चुकलं तर परत फिरायला दिवस लागत नाही.

स्वतःचं डोमेन ब्लॉगरला जोडायचंच नसेल, तर दुसरा मार्ग थीममधून जातो. जुन्या पानाचा मार्ग उचलून नव्या डोमेनला जोडणारा मेटा रिफ्रेशचा तुकडा (वाचकाला आपोआप दुसऱ्या पानावर नेणारा) आणि सोबत कॅनॉनिकल दुवा (खरा पत्ता कोणता हे शोधयंत्राला सांगणारा) थीमच्या शीर्षभागात घालायचा. ताबडतोब होणारं मेटा रिफ्रेश गूगल कायमचा बदल म्हणूनच धरतं. फक्त ब्लॉगरची मोबाइल थीम वेगळी ठेवलेली नाही ना, ते बघा. असेल तर फोनवर हा तुकडा चालतच नाही, आणि आज बहुतेक वाचक फोनवरच असतात.

आता मजकूर. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लॉग व्यवस्थापन’ या भागात बॅकअपची सोय आहे. पूर्वी ती एकच एक्सएमएल फाइल हातात देत असे, आता गूगल टेकआउट या डेटा उतरवून घेण्याच्या सेवेतून ॲटम प्रकारची फाइल मिळते. साचा बदलल्यामुळे ब्लॉगरचा मजकूर वर्डप्रेसमध्ये आणणारं जुनं इम्पोर्टर प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) ही फाइल नाकारू शकतं, म्हणून प्लगइन अद्ययावत करून आधी एखाद्या चाचणीच्या साइटवर फाइल चढवून बघावी. वर्डप्रेसमध्ये टूल्स, मग इम्पोर्ट, मग ब्लॉगर असा क्रम आहे. फाइल मोठी असेल तर होस्टिंग आड येतं. पीएचपी या वर्डप्रेसच्या भाषेच्या मूळ सेटिंगमध्ये चढवायच्या फाइलीची मर्यादा २ एमबी असते आणि एका कामाला ३० सेकंद मिळतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते, त्यामुळे दीड हजार शब्दांचा लेख सहज पंचवीस-तीस केबीचा होतो. वर प्रतिक्रिया आल्या. दोन-तीनशे लेखांच्या मराठी ब्लॉगला मूळ मर्यादा पुरतच नाही. ती होस्टिंगच्या पॅनेलमधून वाढवून घ्या. इम्पोर्ट मध्येच थांबलं तर पुन्हा सुरू करण्याआधी किती लेख आले ते मोजा, नाहीतर प्रतिक्रिया दुबार होतात.

चढवल्यावर काही लेखांत अक्षरांऐवजी भलतंच दिसतं. त्यातला फरक ओळखता आला पाहिजे. टोप्या घातलेल्या विचित्र रोमन अक्षरांची रांग दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या संकेतात वाचला जातोय. संकेत दुरुस्त केला की तो परत येतो. सरसकट प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेला. ती प्रश्नचिन्हंच साठवली गेली आहेत आणि त्यांतून अक्षरं परत निघत नाहीत. अशा वेळी तिथल्या तिथे दुरुस्तीत वेळ घालवू नये. सगळं पुसून, डेटाबेसचा संकेत यूटीएफ-८ एमबी-४ करून, फाइल पुन्हा चढवावी.

पण फाइल चढवण्याआधी करायची एक छोटी गोष्ट आहे, जी जवळपास कुणी सांगत नाही: वेळेचा पट्टा. कितीतरी मराठी ब्लॉग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर वर्षानुवर्षं चालले, कारण सुरुवातीला ती सेटिंग कुणी उघडूनच पाहिली नाही. आता बघा काय होतं. १ मे २०१० रोजी सकाळी ९ वाजता महाराष्ट्र दिनाचा लेख प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात तेव्हा ३० एप्रिलचे रात्रीचे साडेआठ वाजले होते. ब्लॉगरने पत्त्यात २०१०/०४ लिहिलं. वर्डप्रेसमध्ये तुम्ही योग्य म्हणून कोलकाता ही वेळ निवडता, इम्पोर्टर तारीख भारतीय वेळेत बदलतो आणि नव्या पत्त्यात २०१०/०५ येतं. जुना दुवा मेला. महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहिलेल्या लेखांवरच हे होतं, म्हणून चटकन लक्षात येत नाही. वाचकाला दिसणारी तारीख बरोबर हवी, त्यामुळे कोलकाताच ठेवा, आणि या लेखांची वेगळी यादी काढून ठेवा.

यादी कशाला, ते पुढच्या अडचणीत कळतं. मराठी ब्लॉग हलवताना सर्वांत जास्त घाव इथेच बसतात.

ब्लॉगर लेखाच्या शीर्षकातून पत्ता बनवतो, पण फक्त रोमन अक्षरं उचलून. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं की त्याच्या हाती काहीच लागत नाही आणि तो ‘ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल’ असं नाव ठेवून मोकळा होतो. त्याच महिन्यात दुसरा लेख आला तर ‘ब्लॉग-पोस्ट’पुढे अधोरेषा आणि एखादा आकडा. पुढच्या महिन्यात पुन्हा नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’. वर्ष आणि महिना वेगळे असल्यामुळे ब्लॉगरचं त्यात काही बिघडत नाही. पाच वर्षं दर महिन्याला लिहिणाऱ्याच्या ब्लॉगवर अशी नुसती ‘ब्लॉग-पोस्ट’ साठेक असू शकतात.

वर्डप्रेसवर जाताना सगळीकडे सल्ला मिळतो तो असा: परमालिंकच्या, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या, सेटिंगमध्ये वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी रचना निवडा, इम्पोर्टरने जपून ठेवलेलं जुनं नाव प्रत्येक लेखाला द्या, झालं काम. इंग्रजी शीर्षकांच्या ब्लॉगला हा सल्ला चोख लागू पडतो, मराठीत कोसळतो. वर्डप्रेसला लेखाचं नाव अख्ख्या साइटवर एकमेव लागतं, महिना वेगळा असला तरी. त्यामुळे पहिल्या लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ मिळतं, दुसऱ्याला ‘ब्लॉग-पोस्ट-२’, तिसऱ्याला ‘ब्लॉग-पोस्ट-३’, आणि एक सोडून सगळे जुने पत्ते चुकतात. याहून वाईट म्हणजे नाव जुळलं नाही तर वर्डप्रेस अंदाज बांधतो. त्या नावाने सुरू होणारा दुसरा लेख सापडला तर वाचकाला तिकडे पाठवतो. भीमाशंकरच्या वाटेची माहिती शोधत आलेला माणूस कवितेवर जाऊन थांबतो. चूक झाली हे त्याला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही, कारण कुठेही ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं नोंदलं जात नाही. थेट डेटाबेसमध्ये लिहून सगळ्यांना एकच नाव देणारेही आहेत. ते चालतं, पण पुढे कधी तो लेख संपादित करून जतन केला की वर्डप्रेस नाव बदलून टाकतो. त्या वाटेला जाऊ नये.

खात्रीचा उपाय एकच: जुना पत्ता आणि नवा पत्ता यांचा जोडीने तक्ता. इम्पोर्टर प्रत्येक लेखासोबत ‘ब्लॉगर_परमालिंक’ नावाच्या फील्डमध्ये जुना मार्ग साठवून ठेवतो. पीएचपी-मायॲडमिन या डेटाबेस उघडून बघायच्या साधनात पोस्टमेटा या तक्त्यातून ते फील्ड आणि लेखाचा क्रमांक बाहेर काढायचा, क्रमांकावरून नवा पत्ता जुळवायचा आणि दोन स्तंभांची सीएसव्ही फाइल करायची. रिडिरेक्शन नावाचं प्लगइन ही फाइल जशीच्या तशी घेतं आणि प्रत्येक ओळीचा ३०१ पुनर्निर्देश करतं. फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका, देवनागरी पत्त्यांचा चुथडा होतो. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा. मे महिन्याचा तो एप्रिलमध्ये अडकलेला लेखही याच तक्त्याने सुटतो, फक्त यादी हाताशी असली तर त्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालता येतात.

तक्ता असला की नव्या पत्त्यांची रचना हवी तशी ठेवायची मोकळीक मिळते. मग नावं देवनागरीत ठेवावीत का? दिसायला सुंदर दिसतात, पण मी तसं करायला सांगणार नाही. वर्डप्रेस देवनागरी नाव टक्क्याच्या चिन्हांत बदलून साठवतो. एका अक्षराचे ३ बाइट, प्रत्येक बाइटला ३ चिन्हं, म्हणजे ९ चिन्हं, आणि नावाच्या रकान्यात जागा २०० चिन्हांची. हिशेब बावीस अक्षरांवर येतो, त्यात काने, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘पावसाळ्यातल्या हरिश्चंद्रगडाची वाट’ असं शीर्षक द्या. ‘पावसाळ्यातल्या’मध्ये १४ घटक, म्हणजे १२६ चिन्हं, एक जोडरेषा, आणि उरलेल्या ७३ मध्ये आठ घटक. पत्ता ‘पावसाळ्यातल्या-हरिश्चंद’वर तुटतो, जोडाक्षराच्या मधोमध. व्हॉट्सॲपवर चिकटवला की तोच पत्ता टक्क्यांची चार ओळींची माळ होतो आणि लोक तो फसवणुकीचा दुवा समजून उघडत नाहीत. रोमन लिपीतलं छोटं नाव, ‘harishchandragad-paus’ इतकंच, हाताने द्या. जुन्या शेकडो लेखांना एका बैठकीत नको, पण जे वाचले जातात त्यांना तरी.

आणखी एक काटा राहतो. ब्लॉगर फोनवरच्या वाचकाला पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘एम बरोबर १’ लावून देत असे. फोनवरून वाटलेल्या दुव्यांत ते सर्रास आहे. वर्डप्रेसमध्ये ‘एम’ हे कालखंडाचं चल आहे. तो ‘एम बरोबर १’ला इसवी सन १ मधला लेख मागितला असं समजतो आणि ४०४ देतो, बाकीचा पत्ता अचूक असूनही. तेव्हा एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत सर्वांत वर हा शेपटीचा भाग काढून टाकणारा नियम हवा. तक्त्याचं काम त्यानंतर सुरू होतं.

चित्रं तर मूळ फाइलीत येतच नाहीत. लेखात फक्त गूगलच्या सर्व्हरवरच्या चित्राचा पत्ता असतो, त्यामुळे स्थलांतर झाल्यावर सगळं ठीक दिसतं आणि चित्रं अजून तिकडेच असतात. बाहेरची चित्रं खेचून आणणारी प्लगइनं आहेत, पण ती चालवण्याआधी पत्त्यातला आकाराचा भाग बघा. ‘एस३२०’ म्हणजे ३२० पिक्सेलची छोटी प्रत. लेखात तीच दिसते, मोठी प्रत टिचकीमागच्या दुव्यात असते. प्लगइन जे दिसतं ते उचलतं आणि कायमची लहान, धूसर चित्रं हाती राहतात. ॲटम फाइलीतच शोधा-बदला करून ‘एस३२०’, ‘एस४००’ वगैरेच्या जागी ‘एस१६००’ किंवा मूळ आकारासाठी ‘एस०’ करून घ्यावं. जुन्या लेखांत ‘एस१६००-एच’ दिसतं, त्यातलं ‘एच’ काढलंच पाहिजे. तो पत्ता चित्र देत नाही, चित्राभोवतीचं एचटीएमएल पान देतो.

मजकुराची साफसफाई मात्र सावकाश होऊ द्यावी. वर्डमधून चिकटवलेले फॉन्टचे टॅग, लेखाभोवती ब्लॉगरने गुंडाळलेले डिव्ह, हे दिसायला वंगाळ असलं तरी वाचकाला अडवत नाहीत. अपवाद कवितांचा. ओळी तोडण्यासाठी ब्लॉगरमध्ये जे केलं जाई ते वर्डप्रेसच्या ब्लॉकमध्ये बदलताना कधी ओळी जुळतात, कधी प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते. कविता हातानेच ‘व्हर्स’ ब्लॉकमध्ये घालाव्यात. ओळ कुठे मोडायची हे कवीने ठरवलेलं असतं, त्यावर यंत्राने हात फिरवणं बरं नाही.

एक सफाई मात्र यंत्राकडूनच करून घ्यावी. बरहा या जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या काळात ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतलं अर्धं र हे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं लिहिलं जाई. आजचे बहुतेक कळफलक नुक्ता असलेला ऱ वापरतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतःची जागा युनिकोडमध्ये २००८ साली मिळाली, त्याआधी अ वर चंद्र देऊन भागवलं जायचं. वर्डप्रेसच्या शोधचौकटीत ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ टाकल्यावर तुमचाच जुना लेख सापडत नसेल तर कारण हे आहे. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस आज्ञा टंकून चालवायचं साधन) यातल्या सर्च-रिप्लेस आज्ञेने दोन्ही जोड्या बदलता येतात. आधी ड्राय-रन, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता चाचणी, करून किती ठिकाणी बदल होईल ते पाहावं. त्याच आज्ञेने लेखांतल्या लेखांत दिलेले ब्लॉगस्पॉट डॉट कॉम आणि डॉट इनचे दुवेही नव्या डोमेनवर आणावेत.

ब्लॉगरची लेबलं इम्पोर्टर विभाग म्हणून आणतो. ‘पाककृती’, ‘पाकक्रिया’, ‘रेसिपी’ असे तीन विभाग झाले असतील तर एकत्र करा. फीडचा (नव्या लेखांची खबर देणाऱ्या यादीचा) जुना पत्ता नव्या ‘फीड’कडे वळवा. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडा, म्हणजे ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत ते उमटतील. चाचणी चालू असताना लावलेली ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही खूण काढायला विसरू नका. नंतरचे काही महिने रिडिरेक्शन प्लगइनची ४०४ नोंदवही आठवड्यातून एकदा वाचा. पुनर्निर्देश निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, काढूच नका. तक्त्यातल्या पाचशे ओळींचा सर्व्हरला काही भार होत नाही.

जुना ब्लॉग पुसायचा नाही. तो पुसला की ब्लॉगस्पॉटवरून येणारी वाटच बंद होते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून त्या खात्यात अधूनमधून प्रवेश करत राहा. आणि ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘परवानग्या’ या भागात जाऊन घरातल्या कुणाला तरी लेखक म्हणून बोलवा, त्यांनी आमंत्रण स्वीकारलं की त्यांना प्रशासक करा. वर्डप्रेसवरही तेच करा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाचा ईमेल त्यांनाही जाईल अशी व्यवस्था करा. लिहिणारा गेल्यावर पासवर्ड कुणाकडेच नाही म्हणून वर्षभरात डोमेन सुटलेले ब्लॉग मराठीत थोडे नाहीत.